पायथ्याशी उभी असलेली मोटार

गेल्या काही वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या सुटीचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. पूर्वी दुकानाला सुटी म्हणजे तीर्थयात्रा किंवा नात्यातले कार्य, एवढाच अर्थ असे. आता घरातील तरुण मंडळी रविवारी पहाटे उठून राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाईची वाट धरतात, आणि पुष्कळदा आई-वडिलांनाही सोबत नेतात. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, लोहगड, राजगड, साल्हेर, रायगड आदी बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि गडांविषयीचे कुतूहल आणखी वाढले. दुसरीकडे गिरिक्षेत्रांची वंदना पूर्वीप्रमाणेच चालू आहे; फरक इतकाच की रेल्वे आणि एस. टी. ऐवजी बहुतेक कुटुंबे आता स्वतःच्या मोटारीने जातात.

गड असो वा क्षेत्र, या प्रवासात एक गोष्ट समान असते. मोटार पायथ्याशी उभी राहते आणि माणसे डोंगर चढून जातात. बारी गावातून १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर जाऊन परत येण्यास पाच-सहा तास लागतात. सम्मेदशिखरजीची पूर्ण वंदना सत्तावीस किलोमीटरची; मध्यरात्रीनंतर मधुबनातून निघालेला यात्रेकरू दुपार कलल्यावर खाली येतो. माथेरानला तर मोटारींना गावात प्रवेशच नसल्याने दस्तुरी नाक्यावर लावलेली गाडी एक-दोन रात्री तेथेच उभी असते. एवढा वेळ मालक कोठे आहे आणि तो साधारण केव्हा परत येईल, हे पायथ्याशी उभ्या असलेल्या कोणालाही सहज कळू शकते. गाडी फोडणाऱ्या चोरट्याला याहून अधिक माहितीची गरज नसते.

अशा चोरीत काच फुटते, बॅग जाते, दिवस वाया जातो. परंतु खरी हानी अनेकदा त्या बॅगेत काय होते यावर ठरते. घराच्या आणि दुकानाच्या किल्ल्या, सही करून ठेवलेला कोरा धनादेश, वसुलीची रोकड, आजोबांचे इन्सुलिन, आजींचे श्रवणयंत्र यांपैकी एक जरी वस्तू गेली तरी काचेचा खर्च त्यापुढे नगण्य ठरतो. म्हणून हा विषय केवळ गिर्यारोहकांचा नाही. तो घराच्या आणि पेढीच्या सुरक्षिततेचा आहे.

चोरी घडते तरी कशी

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये गुन्ह्यांविषयी एक साधी मांडणी केली. चोरी घडण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी जुळून याव्या लागतात: चोरी करण्यास तयार असलेला माणूस, सहज उचलता येईल अशी वस्तू आणि राखण करणाऱ्याची अनुपस्थिती. या तिन्हींपैकी एक जरी काढून घेतली तरी चोरी टळते. ही मांडणी आज जगभर पोलीस आणि नगररचनाकार उपयोगात आणतात.

पायथ्याच्या वाहनतळाला ती तंतोतंत लागू पडते. पहिली गोष्ट, म्हणजे चोराची प्रवृत्ती, सामान्य कुटुंबाच्या हातात नाही. परंतु उरलेल्या दोन्ही गोष्टी पूर्णपणे त्याच्या हातात आहेत. गाडीत काही न ठेवणे आणि गाडी कोणाच्या तरी नजरेत ठेवणे, या दोन सवयींवरच सारा बचाव उभा आहे. बाकीची साधने त्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेणारी नाहीत.

काचेचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. मोटारीची समोरची काच दोन थरांत चिकट पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकते, पण सहसा जागची हलत नाही. बाजूच्या खिडक्यांची काच मात्र बहुतेक गाड्यांत उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेली असते. अपघातात तिचे धारदार तुकडे होऊन इजा होऊ नये म्हणून ती फुटताच बारीक बोथट दाण्यांत विखुरते. प्रवाशाचे रक्षण करणारा हाच गुण चोराच्या पथ्यावर पडतो. एका आघातात सारी खिडकी मोकळी होते आणि बॅग उचलून निघून जाण्यास काही क्षण पुरतात. निर्जन जागी भोंगा वाजला तरी तो ऐकणारे कोणी नसते. म्हणून महागडे कुलूप, भोंगा किंवा गिअरला लावायचा दांडा या गोष्टी गाडी पळवली जाऊ नये यासाठी उपयोगी असल्या, तरी गाडीतील वस्तू वाचवण्यास त्या फारशा कामी येत नाहीत.

रिकामी गाडी हेच मोठे कुलूप

चोर बाहेरून डोकावतो आणि हिशेब करतो: काच फोडण्याचा धोका पत्करावा एवढे आत काही आहे का? या प्रश्नाचे उत्तर त्याला ‘नाही’ असे मिळाले पाहिजे. बॅग रिकामी आहे हे मालकाला ठाऊक असते, चोराला नाही. मागच्या आसनावर टाकलेले जाकीट, पायाशी ठेवलेली पिशवी, चार्जरची लोंबणारी वायर, मोबाइल अडकवण्याची मूठ, पथकरासाठी ठेवलेली सुटी नाणी या साऱ्यांतून आत आणखी काही असावे असा संशय उत्पन्न होतो. म्हणून वस्तू दिसेनाशी करण्याइतकेच तिची खूणही नाहीशी करणे महत्त्वाचे. काही जण डॅशबोर्डचा कप्पा मुद्दाम उघडा आणि रिकामा ठेवतात. आत काहीच नाही हे बाहेरूनच दिसावे, हा त्यामागचा हेतू.

गाडीतील कागदपत्रांबाबतही जुनी सवय बदलण्याची वेळ आली आहे. नोंदणी पुस्तिका, विमा पत्र आणि वाहन परवाना यांच्या मूळ प्रती गाडीतच ठेवण्याचा प्रघात होता. केंद्र शासनाने २०१८ मध्ये डिजिलॉकर आणि एम-परिवहन या ॲपमधील कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीने ग्राह्य धरण्याचे निर्देश राज्यांना दिले. तेव्हा मूळ प्रती घरीच ठेवणे इष्ट. यामागचे कारण गंभीर आहे. नोंदणीच्या कागदावर घराचा पत्ता असतो. त्याच कप्प्यात घराच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला असेल, तर चोराच्या हाती पत्ता आणि किल्ली दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि घरातील सर्व मंडळी अजून कित्येक तास डोंगरावर आहेत हेही त्याला ठाऊक असते. पायथ्याशी झालेली चोरी अशा रीतीने घरापर्यंत पोहोचू शकते.

व्यापारी कुटुंबांची आणखी एक सवय धोक्याची आहे. काम आणि सहल एकाच फेरीत उरकण्याची हौस. नाशिक किंवा संगमनेरच्या बाजूला वसुलीस जायचे, व्यापाऱ्यांना माल दाखवायचा, आणि येता येता गड किंवा क्षेत्र करून घ्यायचे, असा बेत अनेकदा ठरतो. मग गाडीत वसुलीची रोकड, नमुन्यांची पेटी, धनादेश पुस्तिका, हिशेबाचा लॅपटॉप आणि जीएसटीच्या कामासाठी लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, सारे काही असते. यांतील प्रत्येक वस्तूची किंमत बाजारभावाने मोजता येत नाही. हिशेबाची दुसरी प्रत सुरक्षित नसेल तर लॅपटॉपबरोबर वर्षाची नोंद जाते. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन आणि त्याचा पासवर्ड लिहिलेला कागद एकाच पिशवीत असेल, तर पेढीचा शिक्काच दुसऱ्याच्या हाती गेल्यासारखे होते. असा बेत असेल तर रोकड आधी बँकेत भरावी, किमती माल ओळखीच्या पेढीवर ठेवावा आणि मगच डोंगराची वाट धरावी. अन्यथा दोन कामांसाठी दोन फेऱ्या कराव्यात. एका फेरीचे इंधन वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेण्यात व्यापारी शहाणपण नाही.

गिरिक्षेत्रांच्या बाबतीत प्रसंग थोडा निराळा असतो. पूजेच्या वस्त्रांत वर जायचे म्हणून पाकीट, मोबाइल, अंगावरची साखळी, चामड्याचा पट्टा असे सारे गाडीतच काढून ठेवले जाते, आणि शत्रुंजयच्या साडेतीन हजारांहून अधिक किंवा गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्यांची वाट धरली जाते. पूजेची चांदीची उपकरणेही पुष्कळदा गाडीतच राहतात. अशा ठिकाणी तळेटीला धर्मशाळा असतात. केवळ काही तासांसाठी का होईना, एक खोली घेऊन सामान तिला कुलूप लावून ठेवणे हे गाडीत सोडण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित ठरते. दागिने तर घरून निघतानाच अंगावर नसलेले बरे.

औषधांविषयी एक वेगळी सूचना. रोजची आवश्यक औषधे, इन्सुलिन आणि डॉक्टरांचे कागद गाडीत ठेवू नयेत. ते ज्याचे त्याने जवळ बाळगावेत. चोरीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतील उष्णतेने इन्सुलिन निकामी होते.

डिकीविषयीचा गैरसमज

‘सामान डिकीत टाकले की झाले’ ही समजूत फार रूढ आहे. डिकीतील वस्तू दिसत नाही हे खरे. परंतु ती डिकीत ठेवताना कोणी पाहिले असेल तर त्याचा काही उपयोग नाही. पायथ्याशी गाडी थांबते, सर्व जण उतरतात, बूट बदलतात, लॅपटॉपची बॅग आणि पर्स डिकीत जातात, कुलूप लागते आणि मंडळी हसत-बोलत वाटेला लागतात. जवळच्या झाडाखाली बसलेल्या माणसाने हा सारा कार्यक्रम पाहिलेला असतो. हॅचबॅक आणि मोठ्या गाड्यांत तर मागची आसने आणि डिकी यांच्यामध्ये भिंत नसते. खिडकी फोडून आसन पाडले की डिकी आतूनच उघडी पडते.

यावर उपाय सोपा आहे. गाडीत काही ठेवणे अपरिहार्य असेल तर ते पायथ्याला पोहोचण्याआधीच ठेवावे. मुंबईहून कळसूबाईस जाणाऱ्यांनी घोटीला, पुण्याहून जाणाऱ्यांनी राजूरला थांबून चहा घ्यावा, बूट चढवावेत, पाठीवरच्या पिशव्या भराव्यात आणि उरलेले सामान तेथेच झाकून ठेवावे. बारीत उतरल्यावर डिकी उघडण्याची वेळच येऊ नये. परत येतानाही तसेच. उतरताक्षणी सर्व सामान बाहेर मांडण्याऐवजी गाडी थोडी पुढे नेऊन आवराआवर करावी.

किल्ली चाकावर, दगडाखाली किंवा बंपरच्या आत दडवून जाण्याची पद्धत पूर्णपणे सोडून द्यावी. दडवताना पाहणारा कोणीतरी असतोच. किल्ली चेनच्या खिशात, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दुसरी किल्ली सोबतच्या दुसऱ्या विश्वासू माणसाजवळ असावी. पहिली किल्ली गडावर हरवली तर उजाड माळावर रात्र काढावी लागत नाही. रिमोटने कुलूप लावल्यावर एकदा हाताने दार ओढून पाहावे. उकाड्यासाठी खिडकीला ठेवलेली दोन बोटांची फट आणि उघडे राहिलेले छताचे झाकण यांचाही विसर पडू देऊ नये.

जागेची निवड आणि राखण

गाडी कोठे लावावी हे ठरवण्यासाठी पाच मिनिटे खर्च करावीत. जमिनीवर काचेचे ताजे दाणे विखुरलेले दिसले तर ती जागा टाळावी. तेथे काय घडले हे त्या दाण्यांनीच सांगितलेले असते. चहाच्या टपरीसमोर, मंदिराच्या पटांगणात, शाळेजवळ किंवा वस्तीच्या तोंडाशी लावलेली गाडी वळणावरच्या सावलीत लावलेल्या गाडीपेक्षा सुरक्षित असते, मग थोडे अधिक चालावे लागले तरी चालेल. शक्य तेथे गाडीची मागची बाजू भिंतीला भिडवून लावावी, म्हणजे डिकी उघडता येत नाही.

सर्वांत चांगली राखण मात्र गावातच मिळते. गडांच्या पायथ्याच्या गावांत अनेक घरे आता ट्रेक करणाऱ्यांना जेवण आणि मुक्काम पुरवतात. सकाळी अशा एखाद्या घरी जाऊन, ‘ताई, आम्ही आठ जण आहोत, दुपारी दोनपर्यंत उतरू, जेवण कराल का?’ असे विचारावे आणि त्यांच्याच अंगणात गाडी लावण्याची परवानगी मागावी. कांदा-लसूण व कंदमूळ नको असेल, सूर्यास्तापूर्वी जेवायचे असेल, तर तेही तेव्हाच सांगावे; पिठले-भाकरीची सोय बहुतेक ठिकाणी आनंदाने होते. यातून घराला चार पैसे मिळतात आणि दिवसभर अंगणात वावरणारी माणसे आपोआप गाडीची राखण करतात. शिवाय मंडळी ठरल्या वेळी उतरली नाहीत तर त्यांची चौकशी करणारे कोणीतरी गावात असते. वाट चुकलेल्या किंवा पाय मुरगळलेल्या माणसासाठी ही गोष्ट चोरीपासूनच्या बचावाहून मोलाची ठरते.

अनेक ठिकाणी ग्रामपंचायत किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समिती वाहनतळाचे शुल्क घेते. ते नाखुशीने देऊ नये आणि पावती अवश्य घ्यावी. मात्र त्या पावतीचा कायदेशीर अर्थ व्यापाऱ्याने समजून घेतला पाहिजे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ मध्ये ‘निक्षेप’ या संबंधाची व्याख्या आहे. एखादी वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत करायची असेल, तर तो निक्षेप होतो. आणि कलम १५१ प्रमाणे ठेवून घेणाऱ्याने ती वस्तू सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितक्या काळजीने सांभाळली पाहिजे. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलात किल्लीसह सोपवलेली मोटार चोरीस गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले असले तरी हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. परंतु तेथे किल्ली आणि ताबा दोन्ही हॉटेलकडे होते. माळावर जागा दाखवून शुल्क घेतले आणि किल्ली मालकानेच जवळ ठेवली, तर गाडी ‘ताब्यात दिली’ असे म्हणणे कठीण जाते. सारांश, ती पावती जागेच्या भाड्याची आहे, मालाच्या हमीची नाही, असे धरूनच वागावे.

ज्या कुटुंबांसोबत चालक असतो, त्यांना वाटते की राखणीचा प्रश्न मिटला. परंतु दहा-बारा तास एका माणसाने गाडी सोडू नये अशी अपेक्षा करणे योग्य नाही. त्यालाही जेवायचे असते, रात्रभर गाडी चालवल्यावर झोपायचे असते. त्याच्या जेवणाची आणि विश्रांतीची सोय आधी करावी, गाडी त्या जागेजवळ लावावी, आणि बंद काचांच्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नये हे त्याला आवर्जून सांगावे. धुरातील विषारी वायूमुळे त्यात जिवाला धोका असतो.

परदेशातील अनुभव

ही समस्या केवळ भारताची नाही. कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी आणि गुजराती जैन कुटुंबे तेथे रविवारी डोंगरवाटांवर जातात, आणि भारतातून भेटीस आलेल्या आई-वडिलांना ‘गाडीत काहीही ठेवू नका’ ही पहिली सूचना देतात. एकट्या सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१७ या वर्षात गाड्या फोडून चोरी केल्याच्या ३१ हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. तेथील कायद्यात एक विचित्र अडचणही होती. काच फुटलेली असली तरी गाडीची दारे चोरीच्या वेळी कुलूपबंद होती हे सिद्ध करावे लागे, आणि पाहुणा मालक दुसऱ्या राज्यात किंवा देशात परतलेला असल्याने ते सिद्ध होणे अवघड होई. २०२४ मध्ये कायदा करून ही पळवाट बंद करण्यात आली.

त्याच राज्यातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथे गाड्या फोडणारी माणसे नव्हती, अस्वले होती. गाडीत ठेवलेल्या खाद्यपदार्थांच्या वासाने काळी अस्वले दारे वाकवून आत शिरत. १९९८ मध्ये अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना झाल्या. उद्यानाने गाडीत खाद्यपदार्थ ठेवण्यावर निर्बंध घातले, वाहनतळांवर आणि वाटांच्या सुरुवातीला लोखंडी पेट्या बसवल्या आणि प्रत्येक पाहुण्याला त्यांत अन्न ठेवण्यास सांगितले. पुढील वर्षांत अशा घटना फार मोठ्या प्रमाणात घटल्या. अस्वले तीच होती आणि गाड्याही त्याच. बदलली ती माणसांची सवय. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांनी, वनसमित्यांनी आणि क्षेत्रांच्या विश्वस्त मंडळांनी हा धडा घेण्याजोगा आहे. वाहनतळाजवळ नाममात्र शुल्कात मिळणाऱ्या कुलूपबंद पेट्या, एक दिवा आणि पावती देणारा एक माणूस एवढ्यानेही पुष्कळ फरक पडू शकेल. पाठशाळेची मुले घेऊन दरवर्षी वंदनेस किंवा सहलीस जाणाऱ्या मंडळांनी अशा सोयीसाठी देणगी देण्याचा विचार करावा.

चोरी झालीच तर

सर्व काळजी घेऊनही एखादे वेळी फुटलेली काच समोर येते. तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात काय केले जाते याला महत्त्व आहे. मुलांना गाडीपासून दूर ठेवावे. काचेचे दाणे आसनांच्या फटींत शिरलेले असतात. कशालाही हात न लावता चारही बाजूंनी आणि आतून छायाचित्रे घ्यावीत. ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

त्यानंतर, फिर्याद लिहिण्याच्याही आधी, तीन दूरध्वनी करावेत. घराच्या किल्ल्या गेल्या असतील तर शेजाऱ्यांना किंवा जवळच्या नातेवाइकांना घराकडे जाण्यास सांगावे आणि त्याच दिवशी कुलपे बदलून घ्यावीत. कार्ड किंवा धनादेश गेले असतील तर बँकेला सांगून कार्ड बंद करावे आणि धनादेश थांबवावेत. मोबाइल गेला असेल तर सिमकार्ड बंद करून घ्यावे. पोलिसांत नोंद झाल्यावर संचार साथी या शासकीय संकेतस्थळावरून तो फोनच निरुपयोगी करता येतो. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन गेला असेल तर ती स्वाक्षरी रद्द करण्यासाठी सनदी लेखापालांना लगेच कळवावे.

फिर्यादीविषयी नव्या कायद्यात काही सोयी आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. त्यामुळे पुण्याचे कुटुंब अहिल्यानगर जिल्ह्यातील चोरीची माहिती पुण्यातूनही देऊ शकते. तरीही पंचनामा घटनास्थळी होत असल्याने तेथेच तक्रार करणे श्रेयस्कर. गेलेल्या वस्तूंची यादी खरी आणि नेमकी असावी. आवेशात वाढवून सांगितलेली किंमत पुढे विमा कंपनीसमोर अडचणीची होते.

विम्याचा हिशेब थंड डोक्याने करावा. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या काचेचे काहीही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात काचेची भरपाई मिळते, आणि काचेच्या भागांवर घसाराही कापला जात नाही. परंतु गाडीतील बॅग, लॅपटॉप किंवा रोकड मूळ विम्यात येत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि रोकड बहुधा त्यातूनही वगळलेली असते. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये मालकालाच सोसावे लागतात.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत हा यातला दुर्लक्षित भाग आहे. ती क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढते आणि एका दाव्याने शून्यावर येते. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता सवलतीपूर्वी १०,००० रुपये आहे आणि आज ३५ टक्के सवलत मिळते. दावा केला नाही तर पुढील वर्षी ४५ टक्के सवलतीने ५,५०० रुपये भरावे लागतील. दावा केला तर पूर्ण १०,०००. त्यापुढील वर्षी हाच फरक ५,००० विरुद्ध ८,००० असा राहील. म्हणजे दोन वर्षांतच, कर वगळून, ७,५०० रुपये अधिक जातात, आणि १,००० रुपये आधीच स्वतःचे गेलेले असतात. काच पाच-सहा हजारांत बसत असेल तर दावा न करणेच लाभाचे. सवलत राखणारे वेगळे संरक्षण घेतलेले असेल तर गणित बदलते. दावा करायचा असेल तर मात्र कंपनीला कळवून पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करू नये. दावा करा वा न करा, पोलिसांत नोंद झालीच पाहिजे. नोंद नसेल तर त्या जागी बंदोबस्त वाढवण्याचे कारणही कोणापुढे येत नाही.

संशय घेताना

फुटलेली काच पाहून मन प्रक्षुब्ध होते आणि पहिला संशय समोर दिसणाऱ्या गरीब मुलावर जातो. गुरे राखणारा पोरगा, काकड्या विकणारी बाई, सकाळी वाट दाखवण्यास पुढे आलेला तरुण यांच्याकडे बोट दाखवले जाते. कधी त्यांच्या पिशव्या तपासल्या जातात, कधी हातही उगारला जातो. पुराव्याशिवाय असे करणे अन्याय्य आहे, आणि कायद्यानेही ते फिर्यादीलाच आरोपी करू शकते. तपास पोलिसांवर सोपवावा. ज्यांना काही दिसले असेल ते, सन्मानाने विचारले तर सांगतात. चारचौघांत अपमान झाला तर सारे गाव गप्प बसते.

हेही ध्यानात घ्यावे की पायथ्याच्या गावांचे हित पाहुण्यांच्या गाड्या सुरक्षित राहण्यातच आहे. एका चोरीची वार्ता पसरली की रविवारची जेवणे थांबतात आणि अंगणातील गाड्यांचे शुल्कही बुडते. बाहेरून येणाऱ्या चोरट्याविरुद्ध गाव आणि पाहुणा एकाच बाजूला उभे आहेत. सकाळी नाव विचारून ओळख करून घेणारे, शुल्क रोख देणारे, परतल्यावर पाणी मागून दोन शब्द बोलणारे कुटुंब पुढच्या खेपेस ओळखीचे ठरते, आणि ओळखीच्या माणसाच्या गाडीकडे गावाचे लक्ष अधिक असते.

तेव्हा पुढच्या रविवारी निघण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांनी शनिवारी रात्रीच गाडी एकदा रिकामी करून घ्यावी. पेढीची बॅग कपाटात, मूळ कागद कपाटात, दागिने कपाटात. बरोबर न्यायचे ते प्रत्येकाच्या पाठीवर मावेल एवढेच असावे. जे पाठीवर मावत नाही, त्याची डोंगरावर गरजही पडत नाही.